संग्रहालयाचे संकेतस्थळ आणि लोकशिक्षण : लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संग्रहसूचीची चिकित्सा

१. प्रस्तावना

संग्रहालयाच्या हेतूंमध्ये शिक्षणाला कोणते स्थान द्यावे, या प्रश्नाचा विचार आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने वेळोवेळी केलेला आहे. २००७ साली व्हिएन्ना येथे परिषदेने स्वीकारलेल्या व्याख्येत शिक्षण, अभ्यास व आनंद असा हेतूंचा क्रम लावण्यात आला. त्यापूर्वीच्या व्याख्येत अभ्यास हा शब्द प्रथम येत असे. शब्दांचा हा क्रमबदल वरवर किरकोळ वाटला तरी त्यामागील दृष्टी महत्त्वाची आहे. संग्रह हा प्रथम अभ्यासकांचा आणि नंतर लोकांचा, ही जुनी समजूत त्यात उलटी झाली. २४ ऑगस्ट २०२२ रोजी प्राग येथे मंजूर झालेल्या नव्या व्याख्येत शिक्षणाबरोबर ज्ञानाची देवाणघेवाण हा शब्दप्रयोगही आला, आणि संग्रहालय सर्वांना सुगम असावे अशी अपेक्षा स्पष्टपणे नोंदविण्यात आली.

ही अपेक्षा आज ज्या साधनाकडून सर्वाधिक केली जाते ते साधन म्हणजे संग्रहालयाचे संकेतस्थळ. प्रत्यक्ष दालनात पाऊल ठेवणाऱ्यांच्या तुलनेत संकेतस्थळावरून संग्रहालयाची ओळख करून घेणाऱ्यांचा परीघ कितीतरी विस्तृत असतो. महाराष्ट्रातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या दृष्टीने तर परदेशातील संग्रहालय म्हणजे बहुधा त्याचे संकेतस्थळच होय. असे असूनही संकेतस्थळांचे मूल्यमापन करताना किती वस्तूंच्या नोंदी उपलब्ध आहेत, किती छायाचित्रे आहेत आणि किती लोकांनी ती पाहिली, एवढेच मोजले जाते. हे आकडे प्रसाराचे मोजमाप करतात. शिक्षणाचे मोजमाप त्यांतून होत नाही. एखादी वस्तू काय आहे, ती कोठून आली, तिच्याविषयी जे सांगितले जाते ते कोण सांगतो आणि ते कशावरून खरे मानावयाचे, हे प्रश्न विचारण्याची सवय वाचकाला लागते किंवा नाही, ही शिक्षणाची खरी कसोटी आहे.

प्रस्तुत लेखात ही कसोटी लंडन येथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संकेतस्थळाला लावण्याचा प्रयत्न केला आहे. या निवडीमागे दोन कारणे आहेत. एक म्हणजे हे संग्रहालय मुळातच शिक्षणाच्या उद्देशाने स्थापन झाले. दुसरे म्हणजे महाराष्ट्राच्या इतिहासाशी व कलाशिक्षणाशी निकटचा संबंध असलेल्या काही वस्तू या संग्रहात आहेत, आणि त्यांपैकी एका वस्तूने अलीकडच्या काळात महाराष्ट्रात मोठी चर्चा घडवून आणली.

२. साउथ केन्सिंग्टनचा शैक्षणिक वारसा

१८५१ सालच्या लंडन येथील महाप्रदर्शनातून या संग्रहालयाचा उगम झाला. ब्रिटिश कारखान्यांतील मालाची घडण अन्य देशांच्या, विशेषतः भारतीय कारागिरांच्या कामापुढे फिकी पडते, ही जाणीव त्या प्रदर्शनाने अनेकांना करून दिली. उत्पादक, कारागीर आणि सामान्य ग्राहक या तिघांचीही अभिरुची सुधारली पाहिजे, या विचाराने १८५२ मध्ये उत्पादित वस्तूंचे संग्रहालय सुरू झाले. १८५७ मध्ये ते साउथ केन्सिंग्टन येथे हलविण्यात आले आणि १८९९ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. पहिले संचालक हेन्री कोल यांच्या कल्पनेतील संग्रहालय ही सर्वांसाठी खुली असलेली शाळा होती. दिवसभर काम करणाऱ्या मजुरालाही ते पाहता यावे म्हणून १८५८ मध्ये गॅसच्या दिव्यांची सोय करून संध्याकाळीही दालने उघडी ठेवण्याचा प्रघात पडला. ज्याला दिवसा येता येत नाही त्याच्यासाठी वेळेची भिंत पाडणारी ही व्यवस्था म्हणजे आजच्या संकेतस्थळाची पूर्वपीठिकाच म्हणता येईल.

१९८३ च्या राष्ट्रीय वारसा कायद्याने संग्रहालयाच्या विश्वस्तांवर वस्तूंचे जतन करणे, त्या प्रदर्शित करणे, अभ्यासासाठी उपलब्ध करून देणे आणि कला, हस्तकौशल्य व संकल्पन यांविषयी लोकांची समज व आनंद वाढविणे ही कर्तव्ये सोपविली. तेव्हा शिक्षण हे या संस्थेच्या दृष्टीने ऐच्छिक कार्य नसून विधिविहित कर्तव्य आहे.

तथापि या वारशाला दुसरी बाजूही आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८०१ मध्ये स्थापन केलेल्या इंडिया म्युझियमचा संग्रह १८७९ मध्ये विभागला गेला आणि त्यातील कलावस्तूंचा मोठा भाग साउथ केन्सिंग्टनकडे आला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर नेण्यात आलेला टिपू सुलतानाचा लाकडी वाघ हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. म्हणजे ज्या संग्रहातून ब्रिटिश कारागिराला शिकवावयाचे होते, त्यातील कित्येक वस्तू भारतीय कारागिराच्या हातच्या होत्या, आणि त्या लंडनला पोहोचण्याचे मार्ग व्यापार, नजराणा, खरेदी व लूट असे नानाविध होते. शिक्षणाचा दावा करणाऱ्या संकेतस्थळाने या मार्गांविषयी काय सांगितले आहे, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

३. संकेतस्थळाची रचना

संग्रहालयाने २००९ मध्ये आपली संग्रहसूची शोधसुविधेसह सर्वांसाठी खुली केली आणि २०२१ मध्ये तिची नव्याने मांडणी केली. आज या सूचीत बारा लाखांहून अधिक वस्तूंच्या नोंदी आहेत. त्यांपैकी बऱ्याच नोंदींसोबत छायाचित्रे असून ती मोठी करून वस्तूचा पोत, शिवण किंवा कुंचल्याचा फटकारा पाहता येतो. अव्यावसायिक उपयोगासाठी अनेक छायाचित्रे विनामूल्य उतरवूनही घेता येतात. ग्रंथालयातील संदर्भग्रंथांच्या धूसर छायाचित्रांवर ज्यांनी कलेतिहास शिकविला, त्या अध्यापकांना या सोयीचे मोल निराळे सांगावयास नको.

शैक्षणिक दृष्टीने या संकेतस्थळाचे तीन थर पडतात. पहिला थर शाळांसाठीचा आहे. अध्यापकांसाठी साहित्य, शालेय भेटींची माहिती आणि अकरा ते चौदा वयोगटातील विद्यार्थ्यांसाठी संकल्पनाची स्पर्धा असे उपक्रम त्यात येतात. हा थर इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाशी जोडलेला आहे. दुसरा थर सामान्य वाचकासाठी लिहिलेल्या लेखांचा व चित्रफितींचा आहे. एखादी वस्तू कशी घडविली जाते याचे प्रात्यक्षिक, वेषभूषेचा इतिहास, किंवा १९४० च्या दशकातील विणकामाचे नमुने जसेच्या तसे उपलब्ध करून देणे, अशा मजकुराचा यात समावेश होतो. पाहणाऱ्याने घरी जाऊन काही करून पाहावे, ही कोल यांच्या काळातील अपेक्षा येथे नव्या रूपात दिसते. तिसरा थर संग्रहसूचीचा होय. वस्तूचे नाव, साहित्य, मापे, निर्मितीचे स्थळ व काळ, संग्रहालयात येण्याचा मार्ग, वस्तूचा पूर्वेतिहास, संदर्भग्रंथ आणि दाखलक्रमांक अशा रकान्यांत ही माहिती भरलेली असते. नोंद कोणत्या वर्षी तयार झाली हेही शेवटी दिलेले असते.

यांतील पहिले दोन थर शिक्षणासाठी म्हणून तयार केलेले आहेत आणि तिसरा अभ्यासकांसाठी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु महाविद्यालयीन पातळीवर विचार करता सर्वाधिक शिक्षणक्षम थर तिसराच आहे, असे आढळते. लेखात निष्कर्ष तयार मिळतो. नोंदीत निष्कर्षाची साधने सुटी मिळतात. पुढील दोन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

४. वाघनखांची नोंद : संशयाचे शिक्षण

महाराष्ट्र शासनाने व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाशी ऑक्टोबर २०२३ मध्ये करार केला आणि तेथील वाघनखे तीन वर्षांच्या मुदतीसाठी महाराष्ट्रात आणली. १९ जुलै २०२४ पासून ती सातारा येथील छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात प्रदर्शित झाली आणि पुढे २०२५ मध्ये नागपूर येथे मांडण्यात आली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांनी अफजलखानाचा वध केला त्या वेळी वापरलेली वाघनखे हीच काय, या प्रश्नावर वृत्तपत्रांतून, विधिमंडळात आणि इतिहासाच्या अभ्यासकांत बराच वाद झाला. या वादात संग्रहालयाच्या संकेतस्थळावरील नोंदीचा आधार दोन्ही बाजूंनी घेतला गेला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

नोंदीतील मजकुराचा आशय असा. ही वाघनखे जेम्स ग्रँट डफ याच्याकडे होती. तो १८१८ मध्ये साताऱ्यास कंपनीचा प्रतिनिधी म्हणून नेमला गेला. वाघनखांसाठी स्कॉटलंडमध्ये एक पेटी करविण्यात आली आणि तीवर एक लेख आहे. ज्या वाघनखांनी शिवाजीने मोगल सेनापतीला मारले ती ही असून ग्रँट डफ साताऱ्यास असताना पेशव्यांच्या प्रधानाने ती त्याला दिली, असे तो लेख सांगतो. पुढे ग्रँट डफच्या वंशजाकडून ती संग्रहालयास मिळाली. १८१८ मध्ये शरण आलेल्या दुसऱ्या बाजीरावाने आपली शस्त्रे दिली असावीत, असा तर्कही नोंदीत आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे विधान असे की, सुमारे एकशेसाठ वर्षांपूर्वी शिवाजी महाराजांनी वापरलेली वाघनखे हीच, याची खातरजमा करणे शक्य झालेले नाही.

शिक्षणाच्या दृष्टीने या नोंदीचे गुण तीन आहेत. पहिला गुण असा की, वस्तू आणि वस्तूविषयीचा दावा यांत ती फरक करते. वस्तू पोलादी वाघनखे आहे आणि पेटीवरील लेख हा एकोणिसाव्या शतकातील दावा आहे. दुसरा गुण असा की, दावा कोणाचा हे ती सांगते. तिसरा गुण असा की, जेथे पुरावा संपतो तेथे ती थांबते. ज्या वस्तूमुळे दालनाकडे लोकांची रीघ लागू शकते, तिच्याविषयी संस्थेने असा संशय जाहीरपणे नोंदवून ठेवणे, यात शैक्षणिक प्रामाणिकपणा आहे हे मान्य केले पाहिजे.

परंतु नोंदीची मर्यादाही याच ठिकाणी स्पष्ट होते. पेटीवरील लेख हा स्वतःच एक ऐतिहासिक साधन आहे आणि त्याची चिकित्सा व्हावयास हवी. त्यातील दोन गोष्टी मराठी वाचकाला लगेच खटकतात. अफजलखान हा विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. त्याला मोगल सेनापती म्हणणे ही उघड चूक आहे. दुसरे असे की, ग्रँट डफची नेमणूक साताऱ्यास झाली तेव्हा पेशवाई संपुष्टात आलेली होती. दुसरा बाजीराव जून १८१८ मध्ये माल्कमला शरण जाऊन पुढे ब्रह्मावर्तास रवाना झाला, आणि साताऱ्याच्या गादीवर छत्रपती प्रतापसिंह यांना कंपनीने बसविले. अशा वेळी साताऱ्यात पेशव्यांच्या प्रधानाने ग्रँट डफला भेट दिली म्हणजे नेमकी कोणी, कोणत्या अधिकाराने आणि कोणत्या प्रसंगी दिली, हा प्रश्न उभा राहतो. मराठ्यांचा तीन खंडांतील इतिहास लिहून १८२६ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या गृहस्थाच्या घरच्या पेटीवर अफजलखान मोगल ठरावा, यावरून तो लेख स्वतः ग्रँट डफने लिहविला की पुढील पिढीतील कोणी, अशी शंका घेण्यासही जागा आहे. त्या लेखाचा पुरावा म्हणून असलेला भार या सर्व गोष्टींमुळे हलका होतो. तथापि त्यामुळे वाघनखे बनावट ठरत नाहीत. दावा सिद्ध होत नाही, एवढेच त्यातून निष्पन्न होते. सिद्ध न होणे आणि असिद्ध ठरणे यांतील हे अंतर २०२३-२४ च्या सार्वजनिक वादात दोन्ही पक्षांकडून वारंवार पुसले गेले.

येथे एका मराठी परंपरेचे स्मरण होते. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६८ च्या सुमारास, विद्यार्थिदशेत असतानाच, ग्रँट डफच्या इतिहासावर टीका लिहिली आणि त्याने साधने कशी वापरली याचा जाब विचारला. पुढे राजवाडे आदी संशोधकांनी साधनचिकित्सेचा हा मार्ग विस्तारला. ज्या ग्रँट डफच्या ग्रंथावर टीका करीत मराठी इतिहाससंशोधन उभे राहिले, त्याच्याच संग्रहातील वस्तूविषयी मात्र महाराष्ट्रातील चर्चा अस्सल की नक्कल एवढ्यापुरती आक्रसावी, हे खेदजनक आहे. संकेतस्थळाने साधने पुढे ठेवली. त्यांवरून प्रश्न विचारण्याचे काम अध्यापनाचे होते. ते झाले नाही, याचा दोष एकट्या संकेतस्थळाच्या माथी मारता येणार नाही.

५. अजिंठ्याच्या प्रतिकृती : दालनाबाहेरचे दालन

दुसरे उदाहरण अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींचे आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अनेक वर्षे खपून तयार केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. त्यानंतर मुंबईच्या कलाशाळेतील, म्हणजे आजच्या सर ज. जी. कलाशाळेतील, जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे हे काम सोपविण्यात आले. १८७२ ते १८८५ या काळात ग्रिफिथ्स आणि त्यांचे भारतीय विद्यार्थी यांनी सुमारे तीनशे चित्रे केली. १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथे लागलेल्या आगीत त्यांपैकीही शंभरावर जळाली. गिल व ग्रिफिथ्स या दोघांच्या काळातील मिळून दीडशेहून अधिक चित्रे आज संग्रहालयात शिल्लक आहेत. काही चित्रे कित्येक मीटर लांबरुंद असून ती अनेक दशके कायमच्या दालनांत मांडलेली नव्हती. २००६ च्या सुमारास त्यांपैकी बऱ्याच चित्रांचे संवर्धन करण्यात आले.

अशा वस्तूंच्या बाबतीत संकेतस्थळ दालनाचे दुय्यम रूप राहत नाही. सामान्य अभ्यासकाला ही चित्रे प्रथम भेटतात ती येथेच. मूळ चित्र कोणत्या लेण्यातील आहे याचा निर्देश नोंदीत असतो. त्यामुळे विद्यार्थ्याला दीडशे वर्षांपूर्वीची प्रतिकृती आणि लेण्यातील आजची भिंत यांची तुलना करता येते. भिंतीवरील जो भाग आता झडून गेला आहे तो प्रतिकृतीत कित्येकदा टिकून आहे. प्रतिकृतीला मूळ साधनाचा दर्जा कसा प्राप्त होतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखविणारे दुसरे उदाहरण सहजी सापडणार नाही.

नोंदींची दुसरी उपयुक्तता कर्तृत्वाच्या प्रश्नासंबंधी आहे. ही चित्रे दीर्घकाळ ग्रिफिथ्सच्या प्रतिकृती म्हणून ओळखली गेली. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांतील ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यांचे नाव रूढ झाले. कुंचला मात्र बहुतांशी विद्यार्थ्यांच्या हाती होता. पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावारूपास आलेले पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक होत. संग्रहसूचीतील कर्ता या रकान्यात विद्यार्थ्याचे नाव येणे ही साधी गोष्ट असली तरी कलाशाळेच्या इतिहासाचा अर्थ तिने बदलतो. भारतीय विद्यार्थ्याने पाश्चात्त्य रेखाटन शिकण्यासाठी शाळेत यावे, आणि त्याच शिक्षणाच्या जोरावर त्याला अजिंठ्याच्या भिंतीसमोर वर्षानुवर्षे बसविले जावे, या घटनेतून मुंबईच्या कलाविश्वात पुढे झालेल्या कित्येक घडामोडींचे धागे मिळतात.

मात्र नोंद ही एकेका वस्तूची असल्याने वस्तूंमागील प्रक्रिया तिच्यात सुटी सुटी पडते. प्रतिकृती करताना चित्रे उजळ दिसावीत म्हणून मूळ भिंतीवर वार्निश लावले गेले आणि कालांतराने ते काळवंडले. पुढे निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात इटालियन तज्ज्ञांकडून लेण्यांतील चित्रांच्या संवर्धनाचे काम करून घेतले. म्हणजे ज्या प्रयत्नाने अजिंठ्याचे जतन झाले त्याच प्रयत्नाने मूळ चित्रांना इजाही पोहोचली. ही गुंतागुंत प्रतिकृतीची एखादी नोंद वाचून लक्षात येणे कठीण आहे. ती समजण्यासाठी लंडनची सूची आणि अजिंठ्याच्या संवर्धनाचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून वाचावा लागतो. संकेतस्थळाची रचना वस्तुकेंद्री असल्यामुळे असे वाचन घडवून आणण्याची जबाबदारी पुन्हा अध्यापकावरच येते.

६. मर्यादा : भाषा, लिप्यंतर आणि गृहीत वाचक

प्रत्येक शैक्षणिक साधनामागे एक गृहीत वाचक असतो. या संकेतस्थळाचा गृहीत वाचक इंग्रजी जाणणारा, आणि शालेय विभागापुरता तर इंग्लंडमधील शाळेत शिकणारा आहे. संस्था ब्रिटिश करदात्याच्या पैशावर चालते हे ध्यानात घेता ही बाब अस्वाभाविक म्हणता येणार नाही. परंतु जगभरातील वस्तूंचा संग्रह जगासाठी खुला केल्याचा दावा जेव्हा केला जातो, तेव्हा ज्यांच्या वस्तू आहेत त्यांच्या भाषांचा प्रश्न उपस्थित होतोच.

हा प्रश्न लिप्यंतरापासून सुरू होतो. एका वाघनख या शब्दासाठी रोमन लिपीत किमान तीनचार रूपे प्रचलित आहेत. पेटीवरील लेखातील रूप निराळे, संग्रहालयाच्या सूचीतील निराळे, हिंदीच्या वळणाने बाघनख म्हणून लिहिले जाणारे आणखी निराळे. स्थलनामांचीही तीच गत आहे. मुंबईची कलाशाळा, पुणे, पैठण यांचा शोध घेणाऱ्याला जुन्या इंग्रजी वर्णनांतील रूपे ठाऊक असावी लागतात. म्हणजे ज्याला वस्तूचे नाव मातृभाषेतून उत्तम ठाऊक आहे, त्यालाच ती सापडणे अवघड होते. शोधयंत्राचा हा दोष तांत्रिक भासला तरी त्याचा परिणाम शैक्षणिक आहे, कारण जी वस्तू शोधता येत नाही ती त्या विद्यार्थ्यापुरती संग्रहात नसल्यासारखीच असते.

दुसरी मर्यादा नोंदींच्या असमानतेची आहे. प्रसिद्ध वस्तूंच्या नोंदी विस्तृत आहेत, तर असंख्य साध्या वस्तूंच्या नोंदी एकदोन ओळींत संपतात. भारतातून आलेल्या कापडाच्या नमुन्यांच्या बाबतीत विणकराचे नाव बहुधा मिळत नाही. संकलकाचे किंवा प्रदर्शनाचे नाव मात्र मिळते. याला आजचे सूचीकार जबाबदार नाहीत. वस्तू गोळा करणाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात जे विचारलेच नाही, ते आज नोंदीत भरता येत नाही. तथापि ही रिकामी जागा रिकामी म्हणून दाखविली गेली, तर तीही काही शिकवू शकते.

या मर्यादांची जाणीव संस्थेला नाही असे नाही. ही सूची म्हणजे संग्रहालयाच्या संपूर्ण कारकिर्दीत गोळा झालेल्या माहितीचे कामचलाऊ भांडार असून तीतील काही नोंदींत आक्षेपार्ह भाषा किंवा कालबाह्य विचार असू शकतात, अशा आशयाचा खुलासा नोंदींसोबत दिलेला असतो, आणि नोंदीत सुधारणा सुचविण्याचे आवाहनही वाचकाला केलेले असते. हे आवाहन महत्त्वाचे आहे. २०२२ च्या व्याख्येत ज्ञानाची देवाणघेवाण असा शब्दप्रयोग आहे, आणि देवाण व घेवाण या दोन्ही क्रिया घडल्याखेरीज तो सार्थ होत नाही. मराठी कागदपत्रे वाचू शकणाऱ्या, पैठणीचे विणकाम जाणणाऱ्या, किंवा मोडी लिपीतील मजकूर लावू शकणाऱ्या अभ्यासकांकडून अशा सूचना किती प्रमाणात जातात, हा प्रश्न महाराष्ट्रातील विद्यापीठीय जगताने स्वतःलाच विचारावयास हवा.

३१ मे २०२५ रोजी पूर्व लंडनमध्ये संग्रहालयाचे नवे भांडारगृह लोकांसाठी खुले झाले. संकेतस्थळावरून एखादी वस्तू निवडून ती प्रत्यक्ष पाहण्यासाठी दिवस व वेळ ठरविण्याची सोय तेथे आहे. सूची आणि वस्तू यांतील अंतर या व्यवस्थेने कमी केले. परंतु लंडनला पोहोचू शकणाऱ्यालाच तिचा लाभ होतो. दूरच्या वाचकासाठी नोंदीची गुणवत्ता हाच अखेरचा आधार राहतो.

७. महाराष्ट्रातील संग्रहालयांच्या संदर्भात

या चिकित्सेचा उपयोग परक्या संस्थेचे गुणदोष सांगण्यापुरता नाही. मुंबईत २ मे १८७२ रोजी लोकांसाठी खुल्या झालेल्या संग्रहालयाचे नावही व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट असेच होते. त्याच्या उभारणीत जॉर्ज बर्डवुड यांच्यासह डॉ. भाऊ दाजी लाड यांचा पुढाकार होता आणि १९७५ मध्ये त्यांचेच नाव संग्रहालयाला देण्यात आले. साउथ केन्सिंग्टनची शिक्षणकल्पना मुंबईत अशा रीतीने दोन वाटांनी आली : एक संग्रहालयाची आणि दुसरी १८५७ मध्ये सुरू झालेल्या कलाशाळेची. त्या दोहोंच्या संग्रहांचा आणि लंडनमधील वस्तूंचा एकत्रित अभ्यास आज तंत्रदृष्ट्या शक्य आहे.

साधनांचीही वानवा नाही. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, संग्रहालयांच्या सूचीकरणासाठी 'जतन' ही संगणकप्रणाली विकसित केली. तिच्या आधारे केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाने राष्ट्रीय पातळीवरील काही संग्रहालयांचे संग्रह एकत्र पाहता येतील असे संकेतस्थळ २०१४ मध्ये सुरू केले. गोव्यातील पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संग्रहालयाचाही त्यात अंतर्भाव होता. प्रणाली पुण्यात घडली. मात्र साताऱ्याचे, कोल्हापूरचे किंवा छत्रपती संभाजीनगरचे संग्रह त्या तोडीच्या सूचीतून, आणि तेही मराठीत, घरबसल्या अभ्यासता यावेत ही अपेक्षा अद्याप पूर्ण व्हावयाची आहे. संकेतस्थळावर इमारतीचे छायाचित्र, वेळापत्रक व तिकिटाचे दर देणे म्हणजे फलक लावणे होय. त्याला सूची म्हणता येत नाही.

महाविद्यालयीन अध्यापनात या सामग्रीचा उपयोग ताबडतोब करता येण्यासारखा आहे. इतिहासाच्या वर्गात वाघनखांची नोंद साधनचिकित्सेचा पाठ म्हणून घेता येईल. वस्तू, लेख, तर्क आणि सिद्ध विधान असे चार रकाने करून विद्यार्थ्यांनी नोंदीतील प्रत्येक वाक्य योग्य रकान्यात घालावे, एवढा साधा स्वाध्यायही पुरेसा आहे. मराठी विभागाला नोंदींच्या अनुवादाचा आणि पारिभाषिक शब्दांच्या निश्चितीचा प्रकल्प हाती घेता येईल. वस्त्र, शस्त्र व भांडी यांची मराठी नावे वेगाने विस्मरणात जात आहेत. परक्या सूचीतील वस्तूला तिचे देशी नाव परत मिळवून देणे, हे भाषेच्या दृष्टीनेही मोलाचे काम ठरेल. कलाविभागाला अजिंठ्याच्या प्रतिकृती उपलब्ध आहेतच.

८. निष्कर्ष

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचे संकेतस्थळ आपले शैक्षणिक कार्य कितपत पार पाडते, या प्रश्नाचे एकेरी उत्तर देता येत नाही. शालेय विभागात ते आपल्या देशातील अभ्यासक्रमाशी बांधलेले आहे आणि तेथे त्याचा परदेशी वाचकाला फारसा उपयोग नाही. सामान्य वाचकासाठीच्या लेखांत व प्रात्यक्षिकांत ते स्थापनेच्या काळातील उपयोजित कलाशिक्षणाचा हेतू समर्थपणे पुढे नेते. त्याचे सर्वाधिक मोलाचे कार्य मात्र ज्या भागाला कोणी शैक्षणिक म्हणत नाही, त्या संग्रहसूचीत घडते. वस्तू दाखविणे, तिचा मार्ग सांगणे आणि पुरावा संपेल तेथे तसे लिहिणे, ही तीन कामे ती चांगल्या नोंदींत करते. अजिंठ्याच्या प्रतिकृतींसारख्या दालनात न मावणाऱ्या वस्तू ती लोकांपुढे आणते. भाषेची अडचण, लिप्यंतराचा गोंधळ, नोंदींची असमानता आणि वस्तूंमागील प्रक्रिया सुट्या पडणे, हे तिचे दोष आहेत.

यांतील काही दोष लंडनमध्येच दूर होऊ शकतात. वस्तूंचे मराठी संदर्भ, नावे आणि कागदपत्रांचे दुवे पुरविण्याचे काम मात्र जेथे ते ज्ञान आहे तेथूनच व्हावे लागेल. वाघनखे लंडनहून सांगाड्यासारखी आली, प्रदर्शित झाली आणि ठरलेल्या मुदतीनंतर ती परत जावयाची आहेत. त्यांच्या नोंदीत मात्र मराठी अभ्यासकांच्या चिकित्सेची भर पडली, अफजलखान कोणाचा सरदार होता आणि १८१८ मध्ये साताऱ्यात सत्ता कोणाची होती हे पेटीवरील लेखाशेजारी नोंदले गेले, तर ती भर वाघनखांबरोबर परत जाईल आणि पुढे कोठूनही ती नोंद उघडणाऱ्या विद्यार्थ्याला वाचावयास मिळेल.